गोलखांबांमधून दिसणारे मैदान

आज पदवीची सनद स्वीकारणाऱ्या स्नातकांनो, 2011 साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्या मुलचेरा तालुक्यातील विद्यार्थ्याची सनद नागपूरच्या दप्तरातून येत असे. आता ती गडचिरोलीहून येते, याचा मला आनंद आहे.

माझी हयात फुटबॉलच्या गोलखांबांमध्ये आणि नंतर प्रशिक्षकाच्या बाकावर गेली. कामठीच्या मैदानावर मी प्रथम उभा राहिलो त्या काळी, ज्याला धावता येत नाही त्याला गोलात उभे करावे असा दस्तूरच होता. आणि पुढे ज्या संघाकडून मी खेळलो, त्याच्या एका कारभाऱ्याने खर्चाच्या फर्दीतील हातमोज्यांची रक्कम ‘अनावश्यक’ असा शेरा मारून नामंजूर केली, याचा सल मला आजही आहे.

गोव्यातील ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे माझे दैवत. 1983 ते 1986 या काळात ज्यांनी भारताचे कर्णधारपद भूषविले, ज्यांच्या पहाऱ्यात 1984 साली गोव्याने एकही गोल न स्वीकारता संतोष करंडक जिंकला, त्या पुरुषाला अर्जुन पुरस्कार 1997 साली आणि पद्मश्री 2022 साली मिळावी, हा विलंब मला अन्यायच वाटतो. गोल करणाऱ्याची कीर्ती दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छापली जाते, गोल वाचविणाऱ्याची मात्र शिफारसच वर्षानुवर्षे कुठेतरी पडून राहते.

दुसरी तक्रार अशी की, गोलरक्षकाने फार तर गोलरक्षकच घडवावेत, संघाची सूत्रे त्याच्या हाती देऊ नयेत, असे आपल्याकडे मानतात. इंग्लंडचे नायजेल अ‍ॅडकिन्स मूळचे गोलरक्षक. स्कनथॉर्प क्लबात ते खेळाडूंच्या दुखापतींवर भौतिकोपचार करीत, आणि तेथूनच व्यवस्थापक होऊन त्यांनी 2007 साली संघाला वरच्या श्रेणीत नेले. पुढे साउदम्प्टनला त्यांनी 2011 व 2012 अशी लागोपाठ दोन वर्षे बढती मिळवून दिली, तरी जानेवारी 2013 मध्ये, हंगाम अर्धाच झाला असता, त्यांना दूर करण्यात आले. ते वृत्त वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही.

हे सारे सांगण्याचे कारण एकच. उरलेल्या दहाजणांच्या पाठीमागे असे बरेच काही घडत असते की जे त्यांना दिसत नाही. संपूर्ण मैदान समोर असते ते केवळ गोलरक्षकाच्या, म्हणून ओरडून सांगणे हे त्याचे पहिले कर्तव्य, चेंडू अडविणे दुसरे. मी प्रशिक्षक असताना न ओरडणाऱ्या गोलरक्षकाला, त्याचे हात कितीही चपळ असले तरी, संघात घेतले नाही. या तालुक्यात पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची मुले आणि माडिया आदिवासी मुले एकाच चेंडूमागे धावताना मी कालच पाहिली. गोलात उभा असलेला मुलगा उत्तम झेप घेत होता, परंतु एक शब्द बोलत नव्हता. मित्रांनो, आपला तालुका राज्याच्या अगदी मागच्या रांगेत उभा आहे, आणि तेथून आपल्याला जे दिसते ते मुंबईच्या मंत्रालयातून दिसत नाही. म्हणून गप्प राहू नका. वनहक्काचा दावा कोणत्या कचेरीत अडला आहे, कोणत्या गावच्या शाळेत शिक्षक येत नाही, हे ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने ते त्याच दिवशी, भर ग्रामसभेत, मोठ्याने सांगावे. आणि ऐकले नाही तर पुढच्या सभेत पुन्हा सांगावे.