ठक आणि ठग



देशावरचे आप्त भेटले की काशीवासी मराठी मंडळींना दोन गोष्टी हटकून विचारतात : गंगाजल आणलेत का, आणि बनारसी ठगांनी अजून फसविले की नाही? आम्हीही हसून वेळ साजरी करतो. आज मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी या 'ठग' शब्दाचीच थोडी विचारपूस करावी, असे आम्ही योजिले आहे.

शब्द मुळी आपल्याच घरचा. संस्कृतात 'स्थग्' म्हणजे झाकणे, लपविणे. त्यावरून हिंदीत 'ठग' आला, मराठीत 'ठक' आणि 'ठकविणे'. आपल्या सभा 'स्थगित' होतात, तो शब्दही याच धातूचा! गवती छपरासाठी इंग्रजीत असलेला 'थॅच' हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच कुळातला मानतात. आपला ठक हात उगारीत नाही, बुद्धीने फसवितो. म्हणून ठकास महाठक भेटला की आपल्याला गंमत वाटते. याच काशीत कबीरांनी तर मायेलाच ठगीण ठरविले.

इंग्रजीतला 'थग' मात्र दांडगा, मारकुटा गुंड. हा पालट कसा झाला? वाटसरूंशी मैत्री जोडून रुमालाने त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांना कंपनी सरकारने हे नाव लाविले. १८३० नंतर स्लीमनने त्यांच्याविरुद्ध मोहीम चालविली. १८३९ साली मेडोज टेलरची कादंबरी विलायतेत गाजली. पुढे त्या भाषेत कपट मागे पडले, हिंसा तेवढी उरली.

आमचे मन अडखळते ते १८३६ च्या कायद्यापाशी. ठगांच्या टोळीत होता, एवढे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरी. विशिष्ट गुन्हा शाबीत करण्याची गरज नव्हती, आणि ठग कोणास म्हणावे याची व्याख्याही कायद्यात नव्हती. त्याच वाटेने १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि अवघ्या जमाती जन्मतःच चोर ठरल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण शब्द असे रद्द होत नाहीत. आपल्या जमातीला चिकटविलेला 'उचल्या' हा शब्दच लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर घातला, तेव्हा त्याचा डंख मराठी वाचकांना कळला.

आणि आपण? नावाड्याने रास्त दाम मागितले तरी घरी येऊन आपण त्याला ठगच म्हणतो, आणि मुले ऐकत असतात. त्याच्याच नगरीत आपल्या पिढ्या सुखाने नांदल्या, हे त्या क्षणी आपण विसरतो.

याच काशीत 'आज' पत्राचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर या मराठी माणसाने हिंदीला नवे शब्द दिले. 'राष्ट्रपति' या शब्दाचे श्रेयही त्यांना दिले जाते. शब्दाने माणूस उंचावतो, तसा शब्दानेच बंदिवानही होतो. परभाषेच्या अंगणात राहणाऱ्या आम्ही तरी तो जपून वापरावा, एवढीच विनंती.