प्रोलीन: एका दुर्लक्षित रेणूची कथा



उजवा आणि डावा हात एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. तरी उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. पुष्कळ सेंद्रिय रेणूंचेही असेच असते. लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक निवडून वेगळे केले, तेव्हा हे उजवे-डावेपण उघड झाले. कार्व्होन या द्रव्याच्या एका रूपाला पुदिन्याचा वास येतो, तर दुसऱ्याला शहाजिऱ्याच्या जातीच्या कॅरवे बियांचा. औषधांत हा भेद वासापुरता राहत नाही. एक रूप गुणकारी, तर दुसरे निरुपयोगी, क्वचित अपायकारकही असते. म्हणून हवे तेच रूप घडविणे, म्हणजेच असममित संश्लेषण, ही रसायनशास्त्राची मोठी निकड ठरली.

या कामी उत्प्रेरक लागतो. तो क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. असे उत्प्रेरक दोनच, धातू आणि सजीवांतील एन्झाइमे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पैकी धातूंची अनेक संयुगे महाग असून हवा व ओलावा यांनी बिघडतात. एन्झाइमे तर आकाराने प्रचंड.

इ. स. २००० मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन लिस्ट यांनी प्रोलीन हे साधे अमिनो आम्ल वापरून पाहिले. त्यातील नायट्रोजन ॲसिटोनशी तात्पुरता बंध जोडतो. आम्लगट दुसऱ्या रेणूला एकाच बाजूने जवळ आणतो. परिणामी एकच रूप प्रामुख्याने तयार होते. त्याच वर्षी बर्कले येथे डेव्हिड मॅकमिलन यांनी स्वतंत्रपणे दुसरा लहान सेंद्रिय रेणू घडवून हेच साधले. २०२१ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्निन १९५४ साली प्रयोगशाळेत प्रथम घडविले गेले, तेव्हा २९ टप्पे लागले होते. २०११ साली सेंद्रिय उत्प्रेरकाच्या साहाय्याने ते १२ टप्प्यांत साधले.

परंतु ग्रंथालयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. प्रोलीनचा हा गुण नवा नव्हता. हायोश व पॅरिश यांनी, तसेच जर्मनीत एडर, सॉवर व वीशर्ट यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तो नोंदविला होता. ते निबंध पाव शतकाहून अधिक काळ कपाटांत पडून होते. लिस्ट यांना त्या जुन्या कामाची माहिती होती, म्हणूनच त्यांना प्रोलीन पुन्हा तपासावेसे वाटले.

कोणी मागत नाही म्हणून एखादा ग्रंथ रद्दीत काढण्यापूर्वी हे स्मरावे. त्याचा वाचक कदाचित अजून यावयाचा असेल.