शिकण्याची गोडी घरातच लागते
(महिला संघाच्या मेळाव्यातील भाषण)



आमच्या बालवाडीसाठी काय पाठवू, असे मंडळीतील पुष्कळजण विचारतात. वह्या, रंगपेट्या, तक्ते आपण प्रेमाने दिलेत आणि ते वापरातही आहेत. पण आज मला बोलायचे आहे पाड्यावरच्या आईबद्दल. "बाई, मला सही येत नाही, मी पोराला काय शिकवणार?" हे डहाणू-तलासरीकडे घरोघरी ऐकू येते. तिच्या मनातून हे काढणे, हेच आमचे निम्मे काम आहे.

भात झोडून झाले, दिवाळी उरकली, की कितीतरी वारली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. पोरेही बरोबर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. इतके महिने ना बालवाडी, ना बाई. तेव्हा मुलाजवळ असते ती आईच. तिच्यामुळे गोडी लागली असेल, तरच ती भट्टीवर टिकते. नाहीतर जूनमध्ये पोर पाटीकडे बघतसुद्धा नाही.

आणि तिच्याजवळ नाही काय? भात मापताना 4 शेरांची 1 पायली होते, हे पोराच्या डोळ्यांसमोर घडते. आईने मोठ्याने मोजायचे आणि पुढचा आकडा पोराला म्हणू द्यायचा. चुकले तर दोघांनी हसायचे, पुन्हा मोजायचे. मोहाची फुले वेचताना तुझी टोपली जड की माझी, हा खेळ होतो. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चित्र काढणारी बाई दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करते! तिला आकार आम्ही काय शिकवणार? शेजारी बसलेल्या पोराच्या हातात एक काडी दे, इतकेच सांगतो.

ही वाट आमच्या आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाडली. 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी काम केले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवली. बिया, पाने, शिंपले हीच साधने. अनुवादाच्या 6 व्या अध्यायात मोशेसुद्धा आईबापांना सांगताना घर, वाट आणि अंथरूण यांचीच आठवण देतो. शाळेचे तो नावही घेत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. "घरातही शुद्ध मराठी बोला" असा सल्ला कोणी पाड्यावर देऊ नये. आई आपल्या बोलीला लाजली की गोष्ट सांगणेच थांबवते आणि पोर मुके होते. गोष्ट वारली बोलीतच सांगू द्या. पुस्तकातली मराठी मागून येते.

यंदा भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक घराला एक कापडी पिशवी द्यायची आहे. तिच्यात पाटी, पेन्सिल आणि चित्रांचे एक पुस्तक असेल. चिंचोके आया स्वतःच घालतात, ते विकत घेऊ नका! पिशव्या शिवायला हात हवे आहेत, आणि दिवाळीच्या आत हव्यात. ज्या भगिनींकडे शिलाई मशीन आहे त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. कापड आणले आहे.