बाप, लेक आणि वर्तमानपत्र



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्याची पुस्तके आणि शिळी वर्तमानपत्रे वाचून झाले. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी धरू नये. मात्र कामगाराच्या घरात आमची रोजची ये-जा आहे आणि तेथे बाप-लेक काय बोलतात, हे आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. आजचा विषय तोच.

घरात वर्तमानपत्र आले की त्याची वाटणी होते. बाप पहिले पान उघडतो, मुलगा शेवटचे. मधले धंद्याचे पान उघडलेच जात नाही, ते तसेच रद्दीत जाते. हल्ली मुलाच्या हातात कागदाऐवजी मोबाईल असतो, पण वाटणी तीच. राजकारण बापाचे, क्रिकेट लेकाचे आणि बाजारभाव शेटजींचे! आमचे म्हणणे इतकेच, की ही तिन्ही पाने पुष्कळदा एकच बातमी सांगत असतात. ती एकत्र वाचली नाही, तर बापालाही कळत नाही आणि लेकालाही नाही.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर पुष्कळ गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. भोंगा बंद झाला, जमीन मात्र राहिली, आणि तिला सोन्याचा भाव आला. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा ढोबळ अर्थ असा, की गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करावेत : एक मैदाने-बागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. वाटे सगळ्या जमिनीचे करायचे नाहीत. ज्या भागावर बांधकाम नाही, तेवढ्याच मोकळ्या जागेचे करायचे. आता गिरणी म्हणजे खाती, गोदामे, चिमण्या; त्यात मोकळी जागा ती कितीशी असणार? प्रकरण कोर्टात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा कौल शहराच्या बाजूने लागला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली.

त्या वस्तीतला मुलगा बापाला विचारतो, "बाबा, आम्हांला खेळायला ग्राउंड का नाही?" बाप म्हणतो, "अरे, आमच्या वेळी गल्लीत कबड्डी रंगायची, तुम्हांला मोबाईल सुटत नाही." बोलणे तेथेच खुंटते. वास्तविक पोराचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर खेळाच्या पानावर छापलेले नाही. ते नियमाच्या एका दुरुस्तीत आहे, आणि ती दुरुस्ती कोणाच्या फायद्याची हे धंद्याच्या पानावर आहे. बापाने एवढे उलगडून सांगितले असते, तर पोर शहाणे झाले असते.

दुसरी गोष्ट क्रिकेटची. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपणहक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना गेले. कोणता खेळाडू लिलावात किती कोटींना गेला, हे पोरे पाढ्यांसारखे म्हणतात. बाप चिडतो. आम्ही म्हणतो, चिडू नका, पुढचा प्रश्न विचारा. "बाळा, ज्या खेळपट्टीवर हा खेळतो, ती लाटणाऱ्याला रोज किती मिळतो? त्याचा फंड कापतात का?" मग पळवणकर बाळूंची गोष्ट सांगा. चांभार समाजात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करी आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकी. पुढे तो हिंदू संघात आला, तरी चहाच्या वेळी त्याचा पेला वेगळा असे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी मिळवले. एवढे करूनही हिंदू संघाची कप्तानी त्याच्या वाट्याला आली नाही. ती १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाली, तीही भावंडांनी अन्यायाला तोंड फोडल्यावर. या एका गोष्टीत खेळ आहे, मजुरी आहे आणि राजकारणही आहे.

आता आमच्या रोजच्या अनुभवाकडे येतो. एकाच कारखान्यात बाप कायम आणि लेक कंत्राटी, अशी घरे आम्ही पाहतो. बाप म्हणतो, "आम्ही साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोललो. तुम्ही मिंधे." लेक म्हणतो, "बाबा, तुमच्या खिशात कायमचे पत्र होते. माझे नाव ठेकेदाराच्या वहीत. उद्या गेटवरूनच परत पाठवला तर?" दोघेही खरेच बोलतात आणि दोघेही एकमेकांवर रुसतात. मालकाला याहून सोयीचे काय? संसदेने २०१९ व २०२० साली २९ कामगार कायदे गुंडाळून चार श्रमसंहिता केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. पूर्वी केंद्राच्या कायद्याप्रमाणे १०० कामगारांच्या कारखान्यात कपात करायची किंवा टाळे लावायचे तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. आता ही मर्यादा ३०० झाली आहे. अडीचशे माणसांच्या कारखान्यातल्या बापाचे कायमचे पत्रही त्यामुळे पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही. बाप-लेक एका नावेत बसले आहेत, पण तोंडे दोन दिशांना!

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास काढा. लेकाने एक बातमी वाचावी, बापाने एक. दुसऱ्या दिवशी पाने बदलावीत. बापाने खेळाचे घ्यावे, लेकाने धंद्याचे. आईला आणि लेकीला या बैठकीतून उठवू नका. भाव वाढले की पहिला चटका आईच्या हाताला बसतो आणि मैदान नसले की लेकीचा खेळ सर्वांआधी बंद पडतो. बापाने "तुला काय कळतंय?" म्हणू नये, लेकाने "तुमचा जमाना गेला" म्हणू नये. प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी ठरवले? पैसा कोणाकडे गेला? आपल्या गल्लीत याचे काय होणार?

युनियनच्या सभेला आम्ही शंभर भाषणे केली, तरी घरात तुटलेले बोलणे आम्हांला सांधता येत नाही. ते काम तुमचे आहे. ज्या घरात बाप-लेक भांडत का होईना, पण एकत्र वाचतात, त्या घरातला माणूस गेटवर एकटा पडत नाही, हे आम्ही पाहिले आहे.