श्वान-निगा केंद्राचा व्यवसाय आराखडा
व्यवसाय आराखडा म्हणजे उद्योजकाने कर्ज घेण्यापूर्वी स्वतःचीच घेतलेली परीक्षा होय. कावेरीकाठच्या कुंभकोणम येथे श्वानांच्या स्नान-निगेचे केंद्र काढावयाचे झाल्यास महानगरातील दरपत्रक जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. तमिळनाडूतील राजपालयम, चिप्पीपराई हे देशी श्वान आखूड केसांचे असतात. त्यांना केशकर्तनापेक्षा स्नान, नखे कापणे व गोचिडांपासून संरक्षण यांची गरज अधिक. म्हणून यंत्रखरेदीपूर्वी परिसरातील पाळीव श्वानांची जातवार गणना करावी.

समजा, भाडे, वीज व वेतन यांवर दरमहा १८,००० रुपये खर्च होतात. प्रत्येक श्वानामागे शुल्क ४०० रुपये व साहित्यखर्च १०० रुपये धरल्यास ३०० रुपये उरतात. म्हणजेच महिन्याला ६० श्वान आले, तरच खर्च भरून निघतो. गणनेतून ४० श्वानांचीच खात्री मिळाली, तर दरमहा ६,००० रुपयांची तूट येईल. अशा वेळी भाड्याच्या जागेऐवजी घरपोच सेवेने आरंभ करणे हिताचे ठरते.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळते. मात्र त्याचा हप्ताही मासिक खर्चात धरावा. तारण नसले, तरी परतफेड चुकत नाही.