जखम भरते, पण तिला विसावा लागतो
(अमळनेर येथे पाड्यांवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण)



चोपडा, यावल, शिरपूरकडच्या पाड्यांवर कुष्ठरोग होऊन गेलेले भाऊबहिणी तुम्हाला भेटतात. गोळ्यांचा कोर्स पुरा झालेला असतो, पण तळव्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. घरचे म्हणतात, रोगाने मांस सडले. कुणी म्हणते, हे त्याचे भोग. दोन्ही खरे नाही.

जखम भरते कशी, ते आधी पाहू. कापले की रक्तातल्या प्लेटलेट पेशी काही मिनिटांत गुठळी करून रक्त थांबवतात. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेले मांस साफ करतात. पहिल्या दोन-चार दिवसांची लाली, सूज, ठणका ही त्याच कामाची खूण. पुढे तळातून लाल, दाणेदार मांस भरू लागते आणि कडेच्या कातडीच्या पेशी सरकत सरकत मध्ये येतात. त्यांना ओलावा लागतो. म्हणून जखम उन्हात वाळवू नका, तिच्यात राख-तंबाखू भरू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ पट्टीने झाका. नवे मांस बांधायला डाळ-अंडी हवीत आणि आवळा, पेरू, लिंबूही हवे. वर कातडी आली तरी काम संपत नाही. तीन आठवड्यांच्या व्रणात मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी ताकद असते.

मग हाच पाय का अडतो? १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर घाव घालतात, पाय बधिर होतो. आपल्याला ठणका लागला की आपण लंगडतो, पायाला आपोआप विसावा मिळतो. यांना दुखतच नाही. ते जखमेवरच चालतात आणि कोवळे मांस दर पावलाला चिरडते. पाय प्लास्टरमध्ये ठेवला, तेव्हा याच जखमा भरून आल्या. मांसात खोट नव्हती, विसावा नव्हता.

आणि खरी अडचण इथेच आहे. "पाय टेकू नका," हे सांगायला सोपे. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे असते, मुकादमाची उचल अंगावर असते. पाणी कोण भरणार? सरपण कोण आणणार?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. त्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, एवढेच आपण सांगतो. पण पुढे त्याने त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवले, म्हणजे चालू दिले नाही. उतारशाळेत नेले आणि राहण्याचा खर्च स्वतः दिला. पट्टी थोड्या वेळात बांधून होते. विसाव्याची किंमत मोठी, आणि ती त्याने भरली.

तर आपण काय करायचे? जखम असलेल्या घरी पाणी, सरपण, गुरे यांची पाळी मंडळीत वाटून घ्या. जखम नसलेले बधिर पायही रोज संध्याकाळी घरच्या कुणीतरी बघावेत, कारण दुखणे सांगणार नाही. जखम भरली की मऊ तळाची एमसीआर चप्पल घालायला लावा. पू, घाण वास, ताप दिसला तर थांबू नका, दवाखान्यात न्या. नवा बधिर चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तिथे औषध मोफत मिळते.

भरण्याची शक्ती देवाने शरीरात ठेवलीच आहे. तिला वेळ मिळवून देणे आपल्या हाती आहे. प्रभू तुमच्या सेवेला आशीर्वाद देवो.