चिंध्यांची टोपली आणि आपला रोज

आज आम्ही चिंध्यांच्या टोपलीबद्दल बोलणार आहोत. टोपली म्हटलं की बांबूची डोळ्यांपुढे येते. ही मात्र कापडाची. दोरीला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळायची आणि वेढ्याला वेढा शिवत जायचं. उत्तर प्रदेशात प्रयागराजकडच्या बायका मुंज गवताच्या टोपल्या अशाच वेढ्यांनी बांधतात. आणि आपल्याला तरी हे कुठं नवं आहे? डोक्यावर हंडा घ्यायचा तर आपण चुंबळ वळतोच. चुंबळीला सुईदोरा लावला की टोपलीची सुरुवात झाली म्हणा.

आमच्या गटात शिकवणारी कोणी नव्हती. आम्ही करत, उसवत शिकलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी सामान. नायलॉनच्या दोरीवरून कापड सरकतं. सुतळी एकेरी बारीक पडते, तीन पदर वळून घेतले तर चालते. सगळ्यात बरी सुती दोरी, पेन्सिलीएवढी जाड. कापडही सुती साडीचं घ्या. ते हातानं सरळ फाटतं आणि दोरीला धरून राहतं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि 45 इंच पन्ह्याची. दीड इंचाच्या पट्ट्या उभ्या फाडल्या तर 30 निघतात, म्हणजे 165 मीटर पट्टी झाली. काठ जाड असतात, ते वेगळे काढले तरी एका साडीत चार-पाच टोपल्या होतात. रंगीत पट्टी आधी ओली करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग लागला तर ती फिक्या रंगाशेजारी लावू नका. शिवायला गोधडीची सुई आणि गोधडीचाच जाड दोरा.

आता बूड. दोरीचं टोक तिरकं कापा, म्हणजे मधे भोक राहत नाही. पट्टी गुंडाळून टोक घट्ट वळवा आणि शिवत चला. सगळी गंमत इथंच आहे. दोरी ओढून धरली की बूड वाटीसारखं वर येतं. फार सैल सोडली की तळलेल्या पापडासारखं लाटा घेतं. आमच्यातल्या एकीची वाटी झाली, एकीचा पापड झाला. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा हात किती ओढायचा ते सगळ्यांना कळलं. म्हणून दर दोन वेढ्यांनंतर काम पाटावर सपाट ठेवून बघा. बिघाड दोन वेढ्यांत दिसला तर उसवायला पाच मिनिटं लागतात. दहा वेढ्यांनंतर दिसला तर दुपार जाते.

बूड सहा इंचांचं झालं की पुढचा वेढा बाजूला न लावता आधीच्या वेढ्यावर चढवायचा. जिथून चढवला तिथं रंगीत दोऱ्याची खूण करा, म्हणजे वेढे मोजता येतात आणि काठ एका उंचीवर संपतो. पट्टी संपली तर गाठ मारू नका, गाठ वर टोचते. जुन्या टोकावर नवी पट्टी ठेवून दोन-तीन फेर घ्या. दोरी जोडताना दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकींवर बांधा. शेवटही तिरकाच कापायचा. सहा इंच बूड आणि चार इंच उंचीला साधारण आठ मीटर दोरी लागते.

नवीन काही करून बघायचं तर बशीएवढ्या तुकड्यावर बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोरीही वेगळी, कापडही वेगळं असं केलं तर फरक कशानं पडला ते समजत नाही. तुकड्याला चिठ्ठी बांधून ठेवा: दोरी कुठली, पट्टी किती इंच, वेळ किती लागला.

वेळ लिहायचा, हे विसरू नका. कारण टोपली विकायला नेली की गिऱ्हाईक म्हणतं, “जुन्या चिंध्या तर आहेत, इतके पैसे कशाचे?” आमची पहिली टोपली नऊ तासांत झाली होती, आता सहा लागतात. समजा दोरी-दोऱ्याचे 60 रुपये. तासाचे 50 धरले तर सहा तासांचे 300. म्हणजे टोपली 360 रुपयांची झाली. गिऱ्हाइकानं 150 म्हटलं, तर सामान जाऊन आपल्या तासाला 15 रुपये पडले.

यावरून आमच्या गटात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, रिकामं बसण्यापेक्षा 150 काय वाईट? तेव्हा एक आजी म्हणाल्या, “खुरपायला गेलीस तर रोज मागतेसच ना? मग सुई धरलेल्या हाताला रोज नको?” मग ठरलं. मोठी टोपली 360 च्या खाली द्यायची नाही. ज्यांना तेवढं परवडत नाही त्यांच्यासाठी गरम भांड्याखाली ठेवायची चकती करायची. ती दीड तासात होते, शंभर रुपयांत देता येते, आणि आपला रोजही सुटतो. टोपल्या आता कमी खपतात, पण प्रत्येकीचे पैसे पुरते येतात.

तुमच्या गटातही एक जुनी साडी काढा आणि बशीएवढा तुकडा करून बघा. बिघडला तर उसवा. दोरी तीच, चिंधीही तीच, काही वाया जात नाही. मात्र घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. चिंधी फुकटची असेल, आपला हात फुकटचा नाही.